रडारच्या स्वागताचा सडा

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पाइप नेमका कुठून जातो, हे सोसायटीत कोणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यावरच्या मुख्य लाइनीपासून तो निघतो आणि इमारतीमागच्या जमिनीखालच्या टाकीत येऊन पडतो, एवढं नक्की होतं. मधल्या प्रवासाबद्दल फक्त मतं होती. नकाशा बिल्डरकडे होता, आणि बिल्डर शोधण्यापेक्षा पाइप शोधणं सोपं होतं.

पाइप गंजला आहे याबद्दल मात्र दुमत नव्हतं. सकाळची पहिली बादली चहाच्या रंगाची भरायची आणि तळाशी विटकरी गाळ बसायचा. तो गळतो हेही उघड होतं, कारण खालची टाकी कधी अर्ध्यावर जात नसे. पंपाने जे काही पाणी गच्चीवर चढायचं ते खालचे मजले संपवून टाकायचे आणि तिसऱ्या मजल्याच्या नळातून नुसता सुस्कारा बाहेर पडायचा. तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. शिवाय मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे पाण्याची तक्रार मी मलाच करायची आणि मीच मला 'बघतो' म्हणायचं, अशी एकूण व्यवस्था होती.

ही सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी बायको वसुधा पहाटे उठून अंगणातल्या नळावरून हंडे भरायची आणि तीन जिने चढायची. मीही चढवायचो, पण ऑफिसची वेळ झाली की मी सुटायचो आणि ती अडकायची. एक दिवस हंडा ओट्यावर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "अहो, माझं लग्न तुमच्याशी झालंय ना? मग संसार हंड्याबरोबर का चाललाय?"

मी म्हटलं, "बघतो."

"ते तुम्ही सोसायटीला सांगा. मला सांगायचं तर पाणी आणा. नाहीतर मी गोरेगावला दादाकडे जाऊन राहते, आणि नळाला पाणी आल्याशिवाय परत येणार नाही."

वसुधा चिडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. ती पदराने कपाळ पुसत, भाजी काय करायची हे विचारावं त्या आवाजात बोलली. मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो.

तिथले इंजिनियर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण खुर्ची नव्हती.

"पाइप गळतोय? कुठे?"

"तेच कळत नाही. खणून बघायची परवानगी हवी."

"कुठे खणणार ते नकाशावर दाखवा. लगेच देतो."

"कुठे खणायचं ते खणल्याशिवाय कळणार नाही."

"मग खणा की."

"आणि परवानगी?"

"नकाशा आणा."

असं आम्ही बराच वेळ एकमेकांना फिरवलं. शेवटी त्यांनी मला समजावून सांगितलं की गळती कंपाउंडच्या बाहेर असली तर ती त्यांची, आत असली तर आमची. मी विचारलं, भिंतीच्या बरोबर खाली असली तर? त्यांनी प्रथमच कागदावरून मान वर केली. "भिंतीखाली नसावी," ते काळजीने म्हणाले. "असली तर फार लांबेल."

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा सल्ले माझी वाट बघत जिन्यात उभे होते. तळमजल्यावरचे धोंडिराम राणे हे मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यापासून ते दिवसभर घरी असतात आणि त्यांचं सगळं ज्ञान सोसायटीच्या सेवेला लागलेलं असतं.

"पाटणकरांनू, एक नारळ घेवा," ते म्हणाले. "हातार आडवो ठेवन चला. पाणी असात थंय तो उभो रवतलो. माझो काको गावात अशेच बावी दाखवी."

मी बी.एस्सी. आहे. पण वसुधा खिडकीत उभी होती. मी नारळ हातावर घेऊन सगळ्या सोसायटीदेखत कंपाउंडमधून चाललो. कोणी हसू नये म्हणून चेहरा गंभीर ठेवला, त्यामुळे लोक जास्त हसले. आणि खोटं कशाला सांगू, नारळ खरंच उभा राहिला. फक्त तो ड्रेनेजच्या चेंबरवर उभा राहिला.

"पाणीच हा मां ता?" धोंडिराम म्हणाले.

रडारची कल्पना वसुधाचीच. तिचा मावसभाऊ नंदकिशोर एका संशोधन संस्थेत होता आणि धरणांच्या जागी जमिनीखालचा खडक शोधत गावोगाव फिरायचा. त्याच्याकडे परदेशातून आलेलं एक यंत्र होतं. ते जमिनीवरून ओढत नेलं की खाली लहरी सोडतं, लहरी कशावर तरी आपटून वर येतात आणि पेटीतून बाहेर पडणाऱ्या कागदावर त्याचं चित्र उमटतं. नंदकिशोर म्हणाला, "भावजी, पाइप आडवा ओलांडला की कागदावर एक कमान दिसते. कमानी जोडत गेलं की पाइप सापडला. एका रविवारी येतो, साहेबांना सांगून." मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

रडार येणार ही बातमी पसरली आणि माझी झोप गेली. रडार विमानतळावर असतं आणि लढाईत असतं, मुलुंडला नसतं, असा सर्वांचा समज होता. आमचे चेअरमन श्यामकांत दळवी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही लहर म्हटली की ती आपल्या अखत्यारीत येते असं त्यांना वाटतं. "रडार म्हणजे संरक्षण खातं," ते म्हणाले. "पोलिसांना कळवलेलं बरं. उद्या काही झालं तर सेक्रेटरी आत जाईल." मी पोलीस स्टेशनला गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उतरणार किती वाजता?" मी म्हटलं, उतरणार नाही, ओढत नेणार. त्यावर त्यांनी मला पाणी दिलं. स्वच्छ, पारदर्शक पाणी होतं. मी दोन ग्लास प्यायलो.

तळमजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंची शंका वेगळी होती. जमिनीतून दिसतं तर भिंतीतूनही दिसत असणार, असं म्हणून त्यांनी घराला जाड पडदे लावले. टीव्हीवर मुंग्या येतील का, दूध नासेल का, याची उत्तरं मी जिना चढता चढता देत होतो. पण एकदा का येणारा मनुष्य वसुधाचा मावसभाऊ आहे हे कळलं आणि सगळी हवाच बदलली. रडार हा पाहुणा ठरला. आणि पाहुणा येणार म्हणजे काय करायचं हे आमच्या सोसायटीला कोणी शिकवायला नको.

त्या रविवारी सकाळी मी खाली उतरलो तेव्हा कंपाउंड ओळखू येत नव्हतं. एरवी तिथे घोट्याएवढी धूळ असते. आज सगळं अंगण झाडून त्यावर झकास सडा मारला होता. नुसता चार तांब्यांचा सडा नव्हे. खालच्या टाकीत होतं नव्हतं ते पाणी रबरी नळीने काढून, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, जमीन तृप्त होईपर्यंत मारलं होतं. फाटकाशी रत्नप्रभाबाईंनी रांगोळी घातली होती आणि रांगोळीत एक छत्रीसारखं काहीतरी काढलं होतं, ते रडार होतं. मातीचा छान वास सुटला होता. टाकीचं झाकण उघडायची परवानगी आदल्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी माझ्याकडेच मागितली होती आणि पाहुण्याला धुळीत कसं उभं करायचं म्हणून मी ती आनंदाने दिली होती. मी कौतुकाने सगळीकडे बघत राहिलो.

नंदकिशोरची जीप आली. तो उतरला, बूट चिखलात रुतला, आणि तो बूट वर काढायचं विसरून बघत राहिला.

"भावजी, पाऊस पडला का इथे?"

"छे, सडा आहे. तुझ्यासाठी."

"कोणी मारला?"

सगळ्यांनी हात वर केले. धोंडिरामांनी दोन्ही.

नंदकिशोर खाली बसला, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि जिभेला लावली. मग तो फार हळू आवाजात बोलला. ओल्या मातीत लहरी मुरतात, वर येतच नाहीत. त्यात ही खाडीकाठची खारी चिकणमाती. ती ओली झाली की यंत्र आंधळं होतं. तरी पाहुण्याने आलोच आहे म्हणून यंत्र ओढून बघितलं. ते म्हणजे दोरी बांधलेला एक चपटा लाकडी खोका होता. त्याची वायर जीपमधल्या पेटीला, पेटी गाडीच्या बॅटरीला. पेटीतून जळका वास येत कागद बाहेर पडू लागला आणि सगळी सोसायटी त्यावर वाकली. कागदावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत राखाडी ढग होते.

"ह्यो बघा पाइप," धोंडिराम एका ढगावर बोट ठेवून म्हणाले. दळवींना तो दुसऱ्या ढगात दिसत होता.

"जमीन पूर्ण कोरडी होऊ द्या," नंदकिशोर म्हणाला, "मग मी पुन्हा येतो." त्याला ओवाळून, नारळ देऊन आम्ही निरोप दिला. तो तोच नारळ होता.

आता जमीन कोरडी करायची होती. वरचं ओलं तर दोन उन्हांत वाळलं, पण खालची ओल जाईना, कारण खाली आमचा पाइप गळत होता. म्हणजे गळती शोधायला जमीन कोरडी हवी आणि जमीन कोरडी व्हायला गळती थांबायला हवी. हे लक्षात आलं तेव्हा मी जिन्यातच खाली बसलो. यातून एकच वाट होती. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. सोसायटीचं जे काही मिळत होतं ते पाणीसुद्धा बंद.

मी व्हॉल्व्ह बंद केला. स्वतःच्या हाताने केला, कारण त्या पापात भागीदार व्हायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाजूच्या सोसायटीतून बादल्या आणायचं ठरलं. त्या सोसायटीने पहिल्या दिवशी हसून पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी न हसता दिलं, आणि मग त्यांच्या फाटकाला कुलूप दिसू लागलं. अंगणात कोणी चूळ भरताना दिसला तरी मी वरून ओरडायचो. लोक माझ्याशी बोलेनासे झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वसुधाने बॅग भरायला घेतली तेव्हा.

"पाणी आणा म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही होतं तेही बंद केलंत."

"शास्त्रीय कारणासाठी केलं गं."

"मग आता शास्त्राकडूनच डबा घ्या. पाणी आलं की निरोप पाठवा."

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. तिने वळून पाहिलं नाही. परत येऊन मी स्वयंपाकघरात गेलो, तर तिने जाण्यापूर्वी एक हंडा भरून ठेवला होता. कुठून आणला होता कोण जाणे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, बी.एस्सी., आणि त्या हंड्यासमोर पाटावर बसून रडलो. रडण्यात पाणी वाया जातंय हाही विचार मनात आला, इतकी माझी वाट लागली होती.

जमीन वाळून तिला भेगा पडल्या तेव्हा नंदकिशोर पुन्हा आला. या वेळी फाटकाशी रांगोळीचा ठिपकासुद्धा नव्हता. यंत्र ओढलं आणि कागदावर कमान उमटली. स्वच्छ, काळीभोर. टाळ्या पडल्या. मग दुसरी उमटली, तिसरी उमटली, आणि मग कमानी थांबेनात. नंदकिशोर प्रत्येक ठिकाणी चुन्याची खूण करत गेला. थोड्या वेळाने कंपाउंड खो-खोच्या मैदानासारखं दिसायला लागलं.

"एवढे पाइप?" दळवींनी विचारलं.

नंदकिशोरने जरा विचार केला. "तुमचा गणपतीचा मंडप इथेच असतो ना? त्याचे लोखंडी खांब नंतर उपटता की कापता?"

खांब आम्ही खोल ठोकतो, कारण एका वर्षी वाऱ्याने मंडप उडाला होता. विसर्जनानंतर ते निघत नाहीत म्हणून जमिनीलगत करवतीने कापतो. पुढच्या वर्षी त्याच जागी ठोकता येत नाहीत म्हणून शेजारी ठोकतो. आमचे आजवरचे सगळे गणपती त्या कागदावर कमानी होऊन उभे होते. रत्नप्रभाबाईंनी कागदाला नमस्कार केला.

"फाटकापासून टाकीकडे सरळ एक पुसट रेघ जाते," नंदकिशोर म्हणाला. "पण लोखंडासारखं ते चमकत नाही. मी खात्री देत नाही."

पुसट गोष्टीवर विश्वास ठेवणं आमच्या सोसायटीच्या स्वभावात नाही. रीतसर सभा भरली. फाटकाशी खणलं तर दळवींची स्कूटर बाहेर कशी निघणार, खिडकीखाली खणलं तर रत्नप्रभाबाईंच्या तुळशीचं काय, अशी चर्चा होऊन पाइप उत्तरेच्या भिंतीलगत असावा असा ठराव बहुमताने मंजूर झाला. तिथे कोणाचं काही नव्हतं. मी विरोधात मत दिलं आणि ठरावाखाली सही केली, कारण सही सेक्रेटरीचीच लागते.

उत्तरेची भिंत खणली. मंडपाचे खांब निघाले. मग तुळस हलवून खिडकीखाली खणलं. तिथेही खांब निघाले, आणि एक स्टोव्ह निघाला, तो आपला नाही असं प्रत्येकाने सांगितलं. शेवटी फाटकातली पुसट रेघ उरली. दळवींनी मोठ्या मनाने स्कूटर आधीच बाहेर काढली. खंदक फाटकाच्या आडवा खणावा लागला आणि कंबरभर खोलीवर मजूर थांबला. त्याची कुदळ कशाला तरी लागली होती, पण आवाज आला नव्हता.

मी खाली उतरलो. तिथे पाइप होता. म्हणजे पाइपाच्या आकाराची तांबूस माती होती. मी हात लावला आणि ती हातात आली. आत पोकळी होती, तळहाताएवढी, गुळगुळीत. लोखंड कधीच गंजून संपलं होतं. गंज आणि चिकणमाती मिळून एक कवच झालं होतं आणि त्यातून आम्हाला पाणी येत होतं. इतकी वर्षं ते पाइपाने नव्हे, सवयीने येत होतं. आणि ती सवय आम्ही कुदळीने मोडली.

"रडारला दिसणार तरी काय?" खणताना मुद्दाम बघायला आलेला नंदकिशोर वरून पडेल आवाजात म्हणाला. "लोखंडच नाही."

नवा पाइप टाकायची परवानगी मागायला मी वॉर्ड ऑफिसात गेलो. इंजिनियर म्हणाले, बदली पाइपाला मंजुरी लगेच देतो, फक्त जुना पाइप तपासणीला दाखवा. मी घरून पिशवी आणली आणि त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओतली.

त्यांनी पेन्सिलीने जरा इकडेतिकडे करून बघितलं. "ही माती आहे."

"हाच पाइप आहे."

"मातीला बदली पाइप देता येत नाही हो. ही नवीन जोडणीची केस झाली. नवीन जोडणीचं खातं वेगळं." मग त्यांना माझी दया आली असावी. "तोवर टँकर मागवा," ते म्हणाले.

टँकर आला. सगळी सोसायटी बादल्या घेऊन उभी होती. टँकर फाटकाशी येऊन थांबला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून आमचा खंदक बघितला आणि इंजिन बंद केलं. टाकी मागे, टँकर पुढे, आणि मधे मी, खंदकात उभा राहून त्यावर टाकलेली फळी टँकरचं वजन घेईल का याचा अंदाज घेत. ड्रायव्हरला माझा अंदाज पटत नव्हता. टँकरची नळी टाकीपर्यंत पुरेना, म्हणून शेवटी फळीवरून ये-जा करत बादल्यांनीच पाणी न्यायचं ठरलं, आणि पहिली बादली कोणाची यावर धोंडिराम आणि दळवी यांच्यात तात्त्विक वाद सुरू झाला. माझे कपडे चिखलाने भरले होते. दाढी वाढली होती. मला वाटलं, आता आपण इथेच आडवे व्हावं, वरून माती लोटतील ती लोटतील.

एवढ्यात खंदकाच्या काठावर दोन चपला दिसल्या. वर बघितलं तर वसुधा, हातात तीच बॅग.

"पाणी आलं?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मागे खंदक होता, पुढे टँकर होता. "नाही," मी म्हटलं. "होतं तेही गेलं. पाइपही गेला. तू जा परत. मी कळवतो."

"हात द्या," ती म्हणाली, आणि माझा हात धरून फळीवरून आत आली.

वर घरी आम्ही दोघं बसलो. मी पाय धुतले नव्हते, तिने धुवायला सांगितलंही नाही. तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटांची सालटी निघाली होती.

"दादाकडे चोवीस तास पाणी आहे," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाली, वन्सं, पाणी आहे तर चादरी धुऊन टाकू. मग पडदे काढले. मग गोधड्या. काल सतरंज्या. आज सकाळी म्हणाली, माळ्यावरची पितळी भांडी बरीच वर्षं घासलेली नाहीत." तिने बोटांवर फुंकर घातली. "इथे निदान दमले की हंडा खाली ठेवता यायचा हो. तिथे नळ बंदच होत नाही."

मी भीत भीत विचारलं, "मग आता राहशील ना?"

वसुधाने पाय लांब केले, भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

"नळाला पाणी येईपर्यंत राहते," ती म्हणाली.

आमची नवीन जोडणीची केस त्या वेळी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघाली होती आणि दुसऱ्यात अजून पोचायची होती. म्हणजे वसुधा जन्मभर राहणार हे उघड होतं. वॉर्ड ऑफिसबद्दल मला कधी कृतज्ञता वाटली असेल तर ती त्या एका संध्याकाळी. मी उठलो आणि रिकामा हंडा घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.